ग्राफिक्स कार्डची मेमरी किती, हे नेमकं कसं पाहायचं

एखाद्या लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम आहे आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. तरीही विंडोजच्या एका खिडकीत ‘टोटल अव्हेलेबल ग्राफिक्स मेमरी’ या शब्दांपुढे जवळपास ८ जीबीचा आकडा दिसतो. जुने लॅपटॉप विकणाऱ्यांच्या जाहिरातीत हाच आकडा ‘८ जीबी ग्राफिक्स’ होऊन येतो. घेणारा तो लॅपटॉप व्हिडिओ एडिटिंगसाठी घरी नेतो आणि टाइमलाइनवर फोर-केची पहिलीच क्लिप टाकली की यंत्र अडखळायला लागतं. विंडोजचा आकडा चुकीचा नव्हता, पाहिलेली ओळ चुकीची होती.

म्हणून आधी या ओळींचा अर्थ, मग पाहायच्या पद्धती.

डेडिकेटेड आणि शेअर्ड

ग्राफिक्स कार्डाच्या पाटीवर, मुख्य चिपच्या भोवती, मेमरीच्या छोट्या काळ्या चिप्स सोल्डर केलेल्या असतात. ही कार्डाची स्वतःची मेमरी. तिलाच व्हीरॅम म्हणतात आणि विंडोज तिला ‘डेडिकेटेड’ म्हणतं. ‘शेअर्ड’ म्हणजे कॉम्प्युटरच्या नेहमीच्या रॅममधला असा हिस्सा, जो गरज पडली तर ग्राफिक्सला वापरू द्यायला विंडोज तयार असतं. साधारणपणे हा हिस्सा एकूण रॅमच्या निम्मा असतो. तो बाजूला काढून ठेवलेला नसतो, ती फक्त वरची मर्यादा असते. रॅम ८ वरून १६ जीबी केली की शेअर्डचा आकडाही आपोआप दुप्पट होतो, आणि कार्ड मात्र होतं तेच राहतं. ‘टोटल’ ही या दोन्हींची बेरीज. गेम किंवा सॉफ्टवेअरच्या गरजांच्या यादीत ‘६ जीबी व्हीरॅम’ लिहिलेलं असेल, तर त्याची तुलना डेडिकेटेडशीच करायची, टोटलशी कधीही नाही.

ही वाटणी एवढी महत्त्वाची का, ते वेगाच्या आकड्यांतून कळतं. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी कार्डाची मेमरी सेकंदाला ३६० जीबी डेटा हलवते. डीडीआर४ ची ३२०० ची रॅम जोडीनं लावली तरी तिचा कमाल वेग सेकंदाला ५१.२ जीबी भरतो, आणि एकच स्टिक असेल तर त्याच्याही निम्मा. शिवाय वेगळ्या कार्डाला त्या रॅमपर्यंत पोचायला पीसीआय एक्सप्रेसचा रस्ता ओलांडावा लागतो. चौथ्या पिढीच्या सोळा लेनच्या स्लॉटमधून एका दिशेनं सेकंदाला साधारण ३२ जीबीच जातात. त्यामुळे व्हीरॅम भरली आणि ड्रायव्हरनं (म्हणजे विंडोज आणि कार्ड यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरनं) उरलेला माल शेअर्ड मेमरीत ढकलला की गेम बंद पडत नाही, पण दर काही क्षणांनी झटके द्यायला लागतो. सेटिंगमधली ‘टेक्स्चर क्वालिटी’ एक पायरी खाली आणली आणि झटके थांबले, तर दुखणं व्हीरॅमचंच होतं असं धरायला हरकत नाही.

पहिली पद्धत: टास्क मॅनेजर

विंडोज १० आणि ११ वर हाच सगळ्यात सरळ मार्ग आहे. काहीही डाउनलोड करावं लागत नाही.

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कीज एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १० मध्ये खिडकी अगदी छोटी उघडली, तर खालच्या ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करा.

२. ‘परफॉर्मन्स’ टॅबवर जा. विंडोज ११ मध्ये टॅब डावीकडे उभे असतात आणि खिडकी अरुंद असेल तर नावं न दिसता फक्त चिन्हं दिसतात. नाडीच्या आलेखासारखं चिन्ह म्हणजे परफॉर्मन्स.

३. सीपीयू, मेमरी, डिस्क, वायफाय अशी यादी दिसेल. ती खाली सरकवा. शेवटी ‘जीपीयू ०’ आणि काही यंत्रांवर ‘जीपीयू १’ असतं. जीपीयू म्हणजे ग्राफिक्सचं काम करणारी मुख्य चिप.

४. त्यावर क्लिक करून उजवीकडे वर पाहा. तिथे कार्डाचं पूर्ण नाव असतं. ते जसंच्या तसं लिहून घ्या. नावाच्या शेवटी ‘लॅपटॉप जीपीयू’ असेल तर तेही वगळू नका. त्यानं काय फरक पडतो ते पुढे येईल.

५. आलेखांच्या खाली ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ ही ओळ शोधा. तिच्यापुढे ०.६/४.० जीबी असं काहीतरी असतं. तिरक्या रेघेच्या आधीचा आकडा म्हणजे या घडीला वापरात असलेली मेमरी, नंतरचा म्हणजे एकूण मेमरी. आपल्याला हवा तो हाच नंतरचा.

शेजारीच नुसती ‘जीपीयू मेमरी’ अशीही एक ओळ असते आणि घाईत नजर तिच्यावर जाते. ती डेडिकेटेड आणि शेअर्डची बेरीज आहे. ४ जीबीचं कार्ड आणि १६ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर तिथे १२ च्या जवळपासचा आकडा दिसतो. ‘माझ्या लॅपटॉपला १२ जीबी ग्राफिक्स आहे’ असं कुणी सांगितलं, की बहुतेक वेळा ही ओळ वाचलेली असते.

दोन जीपीयू दिसणं लॅपटॉपवर अगदी नेहमीचं आहे. एक प्रोसेसरच्या आतला, इंटेलचा किंवा एएमडीचा, आणि दुसरा वेगळा, बहुधा एनव्हिडियाचा. ० आणि १ हे नुसते क्रमांक आहेत, त्यांचा ताकदीशी संबंध नाही. दोन्हींवर क्लिक करून नाव वाचा. फक्त इंटेलचा आतला जीपीयू असलेल्या यंत्रावर डेडिकेटेडची ओळ अनेकदा दिसतच नाही, नुसती शेअर्डची असते. म्हणजे त्या यंत्राला स्वतःची व्हीरॅम नाही. यात बिघाड काही नाही, त्याची रचनाच तशी आहे.

यादीत जीपीयू दिसलाच नाही तर

विंडोज १० च्या २०१७ सालच्या ‘फॉल क्रिएटर्स अपडेट’च्या आधीच्या आवृत्तीत टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा भागच नव्हता. तेवढी जुनी विंडोज असेल तर पुढची पद्धत वापरा.

विंडोज नवी असूनही तो भाग नसेल तर पहिला संशय ड्रायव्हरवर घ्या. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’च्या शेजारचा बाण दाबा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं नाव असेल, तर खऱ्या कार्डाचा ड्रायव्हर बसलेलाच नाही. नुकतीच नव्यानं विंडोज टाकलेल्या यंत्रांवर हे फार वेळा आढळतं. अशा स्थितीत मेमरीचा कुठलाही आकडा ग्राह्य धरू नका. लॅपटॉप असेल तर त्याच्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल क्रमांकाप्रमाणे, डेस्कटॉप असेल तर एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या, यंत्र रीस्टार्ट करा आणि मगच पुन्हा पाहा. नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह असेल तरी उपाय तोच.

दुसरं कारण रिमोट डेस्कटॉप. ऑफिसचं यंत्र घरून जोडून पाहत असाल, तर काही खिडक्या खऱ्या कार्डाऐवजी ‘रिमोट डिस्प्ले अडॅप्टर’ दाखवतात. त्या यंत्रासमोर बसूनच पाहायला हवं.

दुसरी पद्धत: डीएक्सडायग

ही जुन्या विंडोजवरही चालते. विंडोजची की आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या छोट्या चौकटीत डी, एक्स, डी, आय, ए, जी ही सहा इंग्रजी अक्षरं सलग टाइप करून एंटर दाबा. पहिल्यांदाच उघडत असेल तर ड्रायव्हरची डिजिटल सही तपासू का, असं विचारेल. हो किंवा नाही, काहीही चालेल. खाली डावीकडची हिरवी पट्टी पूर्ण भरू द्या, आणि मग ‘डिस्प्ले’ टॅब उघडा.

तिथे तीन ओळी एकाखाली एक असतात: अंदाजे एकूण मेमरी, डिस्प्ले मेमरी आणि शेअर्ड मेमरी. आपली ओळ मधली, डिस्प्ले मेमरीची. आकडा एमबीमध्ये असतो, म्हणून १०२४ ने भागायचा. ६ जीबीच्या कार्डाला तिथे ६१४४ ऐवजी सहा हजारांच्या आसपासचा आकडा दिसला तर घाबरू नका. थोडी मेमरी ड्रायव्हर आणि विंडोज स्वतःकडे राखून ठेवतात.

लॅपटॉपवाल्यांनी इथे एक गोष्ट विसरू नये. स्क्रीनची तार बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसरच्या आतल्या जीपीयूला जोडलेली असते. त्यामुळे ‘डिस्प्ले’ टॅबवर इंटेल दिसतं, १२८ एमबी असा काहीतरी आकडा दिसतो, आणि आपण फसवले गेलो अशी पाल मनात चुकचुकते. शेजारी ‘रेंडर’ नावाचा टॅब आहे का पाहा. एनव्हिडियाचं वेगळं कार्ड त्या टॅबखाली असतं आणि त्याची खरी मेमरीही तिथेच लिहिलेली असते. राहता राहिले इंटेलचे ते १२८ एमबी. त्या आकड्यावरून कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही, कारण तो जीपीयू रॅममधूनच भागवतो.

हीच माहिती सेटिंग्जमधूनही मिळते. सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ‘अडव्हान्स्ड डिस्प्ले’, आणि तिथे ‘डिस्प्ले अडॅप्टर प्रॉपर्टीज’. या खिडकीत ‘टोटल अव्हेलेबल’ सगळ्यात वर आणि ‘डेडिकेटेड व्हिडिओ मेमरी’ तिच्याखाली असते. सुरुवातीला सांगितलेल्या जाहिरातींचा उगम ही वरची ओळच.

४ जीबीवर अडकणारा आकडा

काही जण कमांड प्रॉम्प्टमधून ‘डब्ल्यूएमआयसी’ ही कमांड चालवतात, किंवा ऑफिसातली यंत्रांची यादी करणारी स्क्रिप्ट वापरतात. तिच्यात ‘अडॅप्टर रॅम’ नावाचा रकाना असतो. कार्ड ८ जीबीचं असो, १२ चं असो वा २४ चं, तिथे आकडा ४ जीबीच्या वर जात नाही. बऱ्याचदा ४२९३९१८७२० बाइट दिसतात, म्हणजे ४०९५ एमबी. कारण साधं आहे. तो रकाना ३२ बिटांचा आहे आणि ३२ बिटांत जास्तीत जास्त ४२९४९६७२९५ हीच संख्या मावते. रकाना ठरवला गेला तेव्हा एवढ्या मेमरीची कार्डं नव्हती. त्यामुळे १२ जीबीचं कार्ड कुठल्याशा प्रोग्रामात ४ जीबी दिसलं, म्हणून लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. आधी टास्क मॅनेजर पाहा. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांमधून ही कमांड काढूनच टाकली जात आहे, तेव्हा नवशिक्यानं तिच्या वाटेला न गेलेलं बरं.

कंपनीची स्वतःची साधनं

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर डेस्कटॉपवर उजवी क्लिक करून ‘एनव्हिडिया कंट्रोल पॅनल’ उघडा. ‘हेल्प’ मेन्यूत किंवा डावीकडच्या कोपऱ्यात ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ असतं. त्यात डेडिकेटेड मेमरीबरोबर मेमरीचा प्रकार, बसची रुंदी (चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता एका वेळी किती बिट नेतो) आणि बँडविड्थ (मेमरी सेकंदाला किती डेटा हलवते) हेही मिळतं. खरेदी करताना यांचा उपयोग नुसत्या जीबीपेक्षा जास्त होतो.

दुसरा मार्ग कमांड प्रॉम्प्टचा. इंग्रजी लहान अक्षरांत एनव्हिडिया, त्याला चिकटून आडवी रेघ, आणि तिला चिकटून एस, एम, आय अशी तीन अक्षरं टाइप करून एंटर दाबा. एक तक्ता येतो. त्यातल्या ‘मेमरी युसेज’च्या रकान्यात ३५०/६१४४ अशी जोडी दिसते. दुसरा आकडा एकूण मेमरीचा: ४०९६ म्हणजे ४ जीबी, ६१४४ म्हणजे ६, १२२८८ म्हणजे १२. काही ८ जीबी कार्डांवर ८१९२ ऐवजी ८१८८ दिसतात. ते ठीक आहे. ही कमांड ड्रायव्हरबरोबर आपोआप येते. ‘अशी कमांड सापडली नाही’ असा संदेश आला तर एकतर कार्ड एनव्हिडियाचं नाही, किंवा ड्रायव्हर नाही.

एएमडीसाठी उजव्या क्लिकवर ‘एएमडी सॉफ्टवेअर’ उघडा आणि गिअरच्या चिन्हावर जाऊन ‘सिस्टिम’चा भाग पाहा. कार्डाच्या नावाखाली मेमरीचा आकार आणि प्रकार दिलेला असतो.

एकच साधन डाउनलोड करायचं असेल तर टेकपॉवरअपचं मोफत ‘जीपीयू-झेड’ घ्या, तेही त्यांच्याच साइटवरून. खाली असलेल्या यादीतून कार्ड निवडता येतं, म्हणून दोन जीपीयूंच्या लॅपटॉपवर आधी त्या यादीत योग्य नाव निवडलंय का बघा. ‘मेमरी साइझ’, ‘मेमरी टाइप’, ‘बस विड्थ’ आणि ‘बँडविड्थ’ हे चार रकाने सगळ्यात कामाचे.

८ जीबी रॅम, पण वापरायला ५.९ जीबीच

एएमडी रायझनच्या लॅपटॉपवर हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. प्रोसेसरमधला रेडिऑन जीपीयू यंत्र चालू होतानाच रॅममधला एक तुकडा स्वतःसाठी कायमचा राखून घेतो. हा तुकडा टास्क मॅनेजरमध्ये ‘डेडिकेटेड’ म्हणून दिसतो, ५१२ एमबी, १ जीबी किंवा २ जीबी. त्यासाठी वेगळ्या चिप्स मात्र नसतात. तेवढीच रॅम विंडोजला कमी मिळते. टास्क मॅनेजरच्या ‘मेमरी’ भागात ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ पाहा, हिशेब तिथे जुळेल.

हा आकडा बायोसमध्ये, म्हणजे यंत्र चालू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, बदलता येतो. यंत्र चालू करताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जा आणि ‘यूएमए फ्रेम बफर साइझ’ हा पर्याय शोधा. तो बहुधा अडव्हान्स्डमध्ये असतो, आणि बऱ्याच लॅपटॉपवर कंपनीनं तो लपवलेला असतो. एकूण रॅम ८ जीबी असेल तर तो ‘ऑटो’वरच राहू द्यावा. २ जीबी ग्राफिक्सला देऊन उरलेल्या सहात विंडोज, ब्राउझर आणि गेम कोंबले तर फायद्यापेक्षा तोटा जास्त. ‘व्हीरॅम अपुरी आहे’ म्हणून एखादा गेम सुरूच व्हायला नकार देत असेल तेव्हाच वाढवून पाहा. या यंत्रांचा वेग खरोखर वाढवायचा असेल तर रॅमची दुसरी स्टिक बसवा. ग्राफिक्सची मेमरीही रॅमच असल्यामुळे दोन स्टिकनं तिचा वेग थेट दुप्पट होतो.

लिनक्स आणि मॅक

लिनक्सवर एनव्हिडियाचा मूळ ड्रायव्हर असेल तर वर दिलेली एनव्हिडियाचीच कमांड चालते. इतरांसाठी ‘मेसा-युटिल्स’ हे पॅकेज टाकून ‘जीएलएक्सइन्फो’ ही कमांड मोठ्या बी च्या पर्यायासह चालवा. डेडिकेटेड मेमरीची ओळ त्यात येते. ‘एलएसपीसीआय’ कमांडच्या लांबलचक उत्तरात कार्डापुढे २५६ एमबी असं दिसतं, आणि बरेच जण तीच व्हीरॅम समजतात. ती प्रोसेसरला कार्डाच्या मेमरीत डोकावण्यासाठी दिलेली खिडकी आहे. खिडकीच्या मापावरून खोलीचं माप काढू नये.

मॅकवर ॲपल मेन्यूतून ‘अबाउट धिस मॅक’, मग ‘मोअर इन्फो’ आणि ‘सिस्टिम रिपोर्ट’, आणि त्यात ‘ग्राफिक्स/डिस्प्लेज’. इंटेलच्या मॅकवर तिथे व्हीरॅमचा आकडा मिळतो. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या एम१ पासूनच्या मॅकमध्ये प्रोसेसर आणि जीपीयू एकाच मेमरीतून काम करतात, म्हणून तिथे व्हीरॅमची वेगळी ओळच नाही. यंत्र घेतानाची १६ किंवा २४ जीबी मेमरी हीच दोघांची मिळून.

नाव एक, मेमरी वेगळी

कार्डाचं नाव कळलं की मेमरी कळली, असं होत नाही. जीटीएक्स १०६० हे ३ आणि ६ जीबीत आलं, आणि ३ जीबीच्या कार्डात फक्त मेमरीच कमी होती असं नाही, त्यात कोअरही (चिपमधले हिशेब करणारे छोटे घटक) १२८० ऐवजी ११५२ होते. आरटीएक्स ३०६० आधी १२ जीबीत आणि नंतर ८ जीबीत आलं. ८ जीबीच्या कार्डाची बस १९२ ऐवजी १२८ बिटांची, आणि बँडविड्थ ३६० ऐवजी २४०. आरटीएक्स ४०६० टीआय ८ आणि १६ जीबीत मिळतं. जीटी १०३० ची गोष्ट तर चटका लावणारी आहे. दोन्ही कार्डं २ जीबीचीच, पण एकावर जीडीडीआर५ आणि दुसऱ्यावर साधी डीडीआर४. पहिल्याची बँडविड्थ सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याची १६.८. खोक्यावर दोन्हीकडे ‘२ जीबी’च छापलेलं. म्हणून ‘मेमरी टाइप’चा रकाना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

लॅपटॉपच्या बाबतीत आणखी सावध राहायला हवं. डेस्कटॉपचं आरटीएक्स ३०६० १२ जीबीचं, लॅपटॉपचं ६ जीबीचं. ४०७० डेस्कटॉपला १२, लॅपटॉपला ८. ४०९० डेस्कटॉपला २४, लॅपटॉपला १६. आरटीएक्स ३०५० लॅपटॉपमध्ये ४ जीबीतही आहे आणि ६ जीबीतही. इंटरनेटवर नाव शोधून आलेला पहिला आकडा आपल्या लॅपटॉपचा असेलच असं नाही. यंत्रावरच पाहा.

जुनं कार्ड घेताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो किंवा ऑनलाइन, वापरलेलं कार्ड घेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वर सांगितलेल्या सगळ्या पद्धती मेमरीचा आकडा कार्ड स्वतःबद्दल जे सांगतं त्यावरूनच दाखवतात. कार्डाला स्वतःचाही बायोस असतो, आणि त्यातच खोटं लिहिलं असेल तर विंडोजही ते खोटंच दाखवतं. जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय अशा २०१०-११ च्या कार्डांचा बायोस बदलून ती ‘जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी’ म्हणून विकली गेली आहेत.

ते ओळखायचं असं. जीपीयू-झेड उघडा. आवृत्ती जुनी नको, २०१८ नंतरच्या आवृत्त्या अशा कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ असा शिक्का दाखवतात. शिक्का नसला तरी आतल्या चिपचं सांकेतिक नाव वाचा. खऱ्या १०५० टीआयवर ते जीपी१०७ असतं, शेडर्स (म्हणजे कोअर) ७६८, तंत्रज्ञान १४ नॅनोमीटरचं. जीएफने सुरू होणारं नाव आणि ४० नॅनोमीटर दिसलं तर कार्ड तिथेच ठेवून निघा. पोर्टही बरंच सांगतात. एनव्हिडियाच्या १० मालिकेच्या चिपमधून ॲनालॉग सिग्नल बाहेर पडतच नाही, त्यामुळे १०५० टीआय म्हणवणाऱ्या कार्डावर निळं व्हीजीए पोर्ट दिसलं की संशय घ्यायलाच हवा. तिसरी खूण ड्रायव्हरची: विकणारा ‘मी दिलेलाच ड्रायव्हर टाका, एनव्हिडियाचा टाकू नका’ म्हणत असेल, तर त्या जुन्या चिपना एनव्हिडियाचे नवे ड्रायव्हर चालत नाहीत हे त्याला ठाऊक आहे.

शक्य असेल तर मेमरी भरून पाहा. ‘ओसीसीटी’च्या मोफत आवृत्तीत व्हीरॅमची चाचणी आहे. ४ जीबी सांगणारं पण खरं १ जीबीचं कार्ड मेमरी भरायला लागली की लवकरच चुका दाखवतं, स्क्रीनवर रंगीत चौकोन उमटतात किंवा यंत्र गोठतं. खऱ्या पण क्रिप्टो नाण्यांच्या मायनिंगमध्ये वर्षानुवर्षं तापलेल्या कार्डांवरही हीच चाचणी चालवावी. त्यांच्या मेमरी चिप्सनी मान टाकलेली असू शकते.

पंखा काढून ठेवलेलं कार्ड समोर असेल तर चिप्स मोजूनही अंदाज येतो. जीडीडीआर५ आणि जीडीडीआर६ ची प्रत्येक चिप ३२ बिटांची. बस १९२ बिटांची असेल तर चिप्स सहा, १२८ ची असेल तर चार. म्हणूनच १९२ बिटांच्या कार्डावर बहुधा ३, ६ किंवा १२ जीबी असते, ८ नसते. १६ जीबीच्या ४०६० टीआयसारख्या काही कार्डांवर पाटीच्या मागच्या बाजूलाही चिप्स असतात, तेव्हा दोन्ही बाजू पाहा. विकणाऱ्याला विचारल्याशिवाय स्क्रू मात्र काढू नका, वॉरंटीचं स्टिकर बहुधा तिथेच असतं.

आहे ती पुरते का

एकूण आकडा कळल्यावर वापर पाहायला शिका. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबवर रकान्यांच्या नावांवर उजवी क्लिक करा, ‘सिलेक्ट कॉलम्स’मध्ये ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’वर खूण करा आणि त्या रकान्यावर क्लिक करून उतरता क्रम लावा. कुठला प्रोग्राम किती व्हीरॅम धरून बसलाय ते लगेच कळतं. ४ जीबीच्या कार्डावर ब्राउझरचे बरेच टॅब आणि एखादा चॅटचा प्रोग्राम मिळून काहीशे एमबी सहज खातात. गेम किंवा रेंडरिंगच्या आधी ते बंद केले तर तेवढी जागा फुकट मिळते.

घरच्या यंत्रावर एआयची मॉडेल्स चालवायची असतील तर हिशेब आधीच मांडता येतो. ७ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे मॉडेलमध्ये साठवलेल्या ७ अब्ज संख्यांचं) मॉडेल १६ बिटांत ठेवलं तर प्रत्येकी २ बाइट, म्हणजे नुसत्या मॉडेललाच १४ जीबी. तेच ४ बिटांत दाबलं तर साधारण ३.५ जीबी, आणि वर संभाषणाच्या संदर्भासाठी थोडी जागा. ६ जीबीच्या लॅपटॉपवर दुसरं बसतं, पहिलं बसत नाही. मॉडेल चालू करून टास्क मॅनेजरमध्ये शेअर्डचा आलेख वर चढताना दिसला, तर मॉडेल व्हीरॅमच्या बाहेर सांडलंय. एक पायरी लहान मॉडेल घ्या, किंवा संदर्भाची लांबी कमी करा.